गळ्यात पास, हातात फलक: शिकागो अधिवेशनाचे दिवस

डेमोक्रॅटिक पक्षाच्या २०२४ च्या राष्ट्रीय अधिवेशनाला निघालेल्या प्रतिनिधींचं मुख्य काम, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडणं, घर सोडण्याआधीच उरकलेलं होतं. १ ते ५ ऑगस्टदरम्यान ईमेलवर आलेल्या मतपत्रिकेवर त्यांनी घरबसल्या मत दिलं आणि भाग घेतलेल्यांपैकी ९९ टक्के मतं कमला हॅरिस यांना पडली. शिकागोचं अधिवेशन होतं १९ ते २२ ऑगस्टला. नोंदणी पद्धतीने लग्न आधीच झालेलं आणि मांडव दोन आठवड्यांनी घातलेला, असा हा प्रकार.

याला निमित्त ओहायोचं. तिथल्या कायद्यानुसार उमेदवाराचं नाव निवडणुकीच्या ९० दिवस आधी, म्हणजे ७ ऑगस्टपर्यंत कळवायचं होतं. पुढे ओहायोने मुदत वाढवली, पण कोर्टकचेरीची टांगती तलवार नको म्हणून पक्षाने ऑनलाइन मतदानाचा बेत तसाच ठेवला. मध्येच २१ जुलैला जो बायडन यांनी माघार घेतली. मतपत्रिकेवर नाव यायला ३०० प्रतिनिधींच्या सह्या लागत होत्या आणि एका राज्यातल्या ५० पेक्षा जास्त धरल्या जाणार नव्हत्या. मुदतीत एकच नाव पात्र ठरलं.

मग चार रात्री सभागृहात जाऊन बसायचं कशाला? बसायचं, कारण टीव्हीला भरलेलं सभागृह लागतं. प्रतिनिधीच्या स्वतःच्या उपयोगाचं जे काही असतं ते मात्र सकाळी सात ते दुपारी तीन या वेळात घडतं. पहिल्यांदा जाणारे हे उलटं धरतात: रात्री जागतात, सकाळी झोपतात आणि चार भाषणं पाहून परत येतात.

निघण्यापूर्वी

प्रतिनिधी दोन तऱ्हेचे. एक निवडून आलेले. राज्याच्या प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार ठरवायला मतदार मत देतात ती) उमेदवाराला जितकी मतं, त्या प्रमाणात त्याच्या वाट्याला प्रतिनिधी येतात. १५ टक्क्यांच्या खाली राहिलेल्याला एकही मिळत नाही. २०२४ मध्ये असे ३,९०० हून जास्त होते. दुसरे पदसिद्ध: पक्षाचे खासदार, गव्हर्नर, राष्ट्रीय समितीचे सदस्य, माजी राष्ट्राध्यक्ष. हे सातशेच्या वर. वर्तमानपत्रं त्यांना सुपरडेलिगेट म्हणतात. मूळचे बेळगावचे श्री ठाणेदार मिशिगनमधून प्रतिनिधिगृहावर निवडून आलेले आहेत, त्यामुळे ते या दुसऱ्या रांगेतले. त्यांना कुठल्या बैठकीत हात वर करून निवडून यावं लागत नाही. २०१८ च्या नियमबदलापासून पदसिद्धांना पहिल्या फेरीत मत नाही. एखाद्याचं बहुमत आधीच निर्विवाद असेल तर तेवढी सवलत मिळते, म्हणजे त्यांच्या मताने काही फरक पडणार नसेल तेव्हाच मत.

निवडून यायचं तर सुरुवात वर्षभर आधी करावी लागते. प्रत्येक राज्याचा पक्ष प्रतिनिधी-निवडीचा आराखडा प्रसिद्ध करतो. त्यात अर्जाची मुदत, बैठकीची तारीख, कुठल्या मतदारसंघातून किती जागा, सगळं दिलेलं असतं. बहुतेक इच्छुक इथेच बाद होतात, कारण प्राथमिक निवडणुकीचं वातावरण तापेपर्यंत अर्जाची तारीख उलटून गेलेली असते. जागा स्त्रिया आणि पुरुषांत निम्म्या-निम्म्या वाटायच्या असतात, म्हणून दोन्ही याद्या वेगळ्या चालतात. आपल्या यादीत किती अर्ज आलेत हे आधी पाहावं. चार जागांना नऊ अर्ज असतील तर पन्नास ओळखीची माणसं बैठकीला आणून बसवली की काम होतं. भाषण एक-दोन मिनिटांचं असतं, त्याने फारशी मतं हलत नाहीत. खोलीत किती डोकी तुमची आहेत त्यावर निकाल. शिवाय ज्या उमेदवाराच्या नावाने तुम्ही उभे आहात त्याच्या प्रचारयंत्रणेला यादीतली नावं गाळण्याचा अधिकार असतो. समाजमाध्यमांवर त्याच उमेदवाराला वर्षभर झोडपलं असेल तर नाव गळतं, आणि ते रीतसरच असतं.

पैसे पक्ष देत नाही. विमान, पाच रात्रींचं हॉटेल, वरखर्च मिळून आकडा काही हजार डॉलरवर जातो. हॉटेल तुम्ही निवडत नाही, राज्याच्या पथकाला नेमून दिलेलं असतं. खोल्या घाऊक आरक्षित असल्यामुळे ‘दोनच रात्री राहतो’ ही सोय सहसा मिळत नाही. खोलीभाड्याचा आकडा पाहून हिशेब करणारे कर विसरतात. शिकागोत २०२४ मध्ये हॉटेलवरचा कर १७.४ टक्के होता. समजा खोली ३०० डॉलरची असेल, तर रात्रीला ५२ डॉलर वर चढायचे, पाच रात्रींचे २६१. खोली वाटून घेणारा जोडीदार पथकाच्या समन्वयकाकडून आधीच ठरवून घ्यावा; जुलै संपला की सगळ्यांच्या जोड्या लागलेल्या असतात.

खर्चासाठी वर्गणी मागता येते, पण ती संघराज्याच्या निवडणूक कायद्याखाली येते. कंपनीचा धनादेश चालत नाही, कामगार संघटनेच्या तिजोरीतला चालत नाही, परदेशी नागरिकाचा तर अजिबात नाही. आपल्याकडच्या मंडळींनी हे नीट लक्षात ठेवावं: ग्रीन कार्ड असलेला मित्र पैसे देऊ शकतो, एच-वन-बी वर असलेला नाही, आणि पुण्याहून मामांनी कौतुकाने पाठवलेले तर मुळीच नाहीत. मित्राच्या दुकानाच्या खात्यातून आलेली रक्कम, ते दुकान कंपनी म्हणून नोंदलेलं असेल तर, परत करून त्याच्या वैयक्तिक खात्यातून मागवावी लागते.

बॅगेत काय घ्यायचं ते थोडक्यात. मळलेले, पायाला सरावलेले बूट. नवे घेऊ नयेत. शाल किंवा पातळ जाकीट, कारण बाहेर ऑगस्ट असला तरी आत वातानुकूलन कडक असतं. छोटी पॉवर बँक. खुर्च्यांपाशी प्लग नसतात आणि वीस हजार माणसं एकाच छताखाली व्हिडिओ पाठवायला लागली की फोन सिग्नल शोधण्यातच बॅटरी संपवतो. मोठी छत्री, काचेची किंवा धातूची बाटली, सेल्फी स्टिक हे सगळं घरी ठेवावं. दारात टाकून द्यावं लागतं आणि परत मिळत नाही.

रविवार, १८ ऑगस्ट

ओहेअर विमानतळावरून ब्लू लाइन ही शहरी रेल्वे थेट शहराच्या मध्यात येते. २०२४ मध्ये विमानतळावरून निघताना तिकीट ५ डॉलर होतं, एरवी कुठूनही अडीच. रविवारी दुपारपर्यंत पोहोचणं चांगलं. हॉटेलच्या लॉबीत राज्याच्या पथकाचं नोंदणी टेबल असतं. तिथे फोटो असलेलं ओळखपत्र दाखवायचं आणि अर्जात दिलेलं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं. मराठी नावांची गंमत इथेच होते. कुठे मधलं नाव म्हणून वडिलांचं, कुठे नवऱ्याचं, कुठे आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक ‘एच’ कमी. अर्ज भरतानाच ओळखपत्र समोर ठेवून नाव उतरवलं तर रविवारचा तास वाचतो.

संध्याकाळी स्वागत समारंभ असतो. तासभर जाऊन यावं, दोनचार ओळखी कराव्यात, निघावं. उरलेल्या वेळात दोन ठिकाणांमधलं अंतर डोक्यात बसवावं, कारण सगळा आठवडा त्यावर हिंदकळतो. दिवसाच्या बैठका मॅककॉर्मिक प्लेसमध्ये, तळ्याच्या काठी, शहराच्या दक्षिणेला. रात्रीचं अधिवेशन युनायटेड सेंटरमध्ये, पश्चिमेला. मध्ये पाच-सहा मैल. मॅककॉर्मिकमध्ये नुसती प्रदर्शनाची जागाच २६ लाख चौरस फूट आहे. एका टोकाच्या खोलीतून दुसऱ्या टोकाला जायला पंधरा-वीस मिनिटं धरावीत.

याच रविवारी जाहीरनामा लोकांसमोर आला. नव्वदच्या वर पानं. समितीने तो १६ जुलैला मंजूर केला होता, बायडन यांच्या माघारीच्या पाच दिवस आधी, आणि तो तसाच ठेवला गेला. त्यामुळे हॅरिस यांच्या अधिवेशनात हातात पडलेला जाहीरनामा बायडन यांच्या दुसऱ्या कार्यकाळाबद्दल बोलत होता. सोमवारी ज्याला ‘होय’ म्हणायचं तो मजकूर निदान चाळून जावा. सभागृहातले बरेच जण तो न उघडताच ‘होय’ म्हणतात.

सोमवार, १९ ऑगस्ट

सकाळी सातला न्याहारी. अधिवेशनातली सर्वांत महत्त्वाची जागा कुठली म्हणाल तर हॉटेलातलं हे न्याहारीचं दालन, कारण त्या दिवसाचा पास इथे मिळतो. पास रोजचा वेगळा. सोमवारचा मंगळवारी चालत नाही. पथकप्रमुखाकडे गठ्ठा येतो, तो यादीवर सही घेऊन वाटतो. उशिरा उठून साडेनऊला खाली आलात तर टेबल आवरलेलं असतं आणि पास ज्याच्याकडे आहे तो माणूस मॅककॉर्मिकच्या बसमध्ये बसलेला असतो. हरवला तर दुसरा मिळेल ही आशा धरू नये. गळ्यात घातला की शर्टाच्या आत टाकावा, आणि त्याचा जवळून काढलेला फोटो लगेच इंटरनेटवर चढवू नये. नक्कल करणाऱ्याला तेवढं पुरतं.

पासावर काय लिहिलंय ते वाचावं. प्रतिनिधी, पर्यायी प्रतिनिधी, पाहुणा हे दर्जे वेगळे आणि त्यांची दारंही वेगळी. पर्यायी प्रतिनिधीला खालच्या मुख्य जागेत राज्याच्या पाटीशी बसायला मिळेलच असं नाही. सोबत आलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला पाहुण्याचा पास मिळाला तर नशीब. तोही चारही दिवस मिळेल असं गृहीत धरून विमानाचं तिकीट काढू नये.

न्याहारीला पाहुणे वक्ते येतात, आणि कोण कुठल्या राज्याच्या न्याहारीला गेलं हे पाहिलं तर चार वर्षांनंतरची गणितं समजतात. साउथ कॅरोलायना, नेव्हाडा, न्यू हॅम्पशायर, आयोवा ही राज्यं प्राथमिक निवडणुकीत आधी येणारी किंवा येऊ पाहणारी. ज्या गव्हर्नरला तिथे काही काम नाही तो सकाळी साडेसातला तिथल्या अंडी-बटाट्यांसमोर उभा दिसला तर त्याच्या मनात काय आहे ते सांगावं लागत नाही. मोठ्या नेत्याशी सरळ दोन वाक्यं बोलायची संधी आठवडाभरात इथेच मिळते. रात्री तोच माणूस तुमच्यापासून दोनशे फुटांवर, तीन सुरक्षाकड्यांपलीकडे असतो.

दहानंतर मॅककॉर्मिकला गटांच्या बैठका. आशियाई-अमेरिकन, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, स्त्रिया, कामगार, ग्रामीण, अपंग, युवक असे गट. बैठका बहुतेक एकाच वेळी दोन-तीन. सगळीकडे थोडं थोडं बसण्यापेक्षा दोन निवडाव्यात आणि पूर्ण बसावं. सुरुवातीच्या अर्ध्या तासात आभारप्रदर्शन आणि टाळ्या. कामाचं बोलणं शेवटी होतं, जेव्हा स्थानिक कार्यकर्ते उठून कुठल्या जिल्ह्यात कुठल्या भाषेतली पत्रकं कमी पडतात ते सांगतात. तेव्हा अर्धी खोली पुढच्या बैठकीला पळालेली असते.

सोमवारचा घोटाळा बसचा. हॉटेलांतून युनायटेड सेंटरला फिरत्या बस होत्या. सगळी पथकं एकाच तासात निघाली, बाहेरच्या कड्यापाशी बस तुंबल्या, उतरल्यावर तपासणीची रांग. त्यात युनियन पार्कमधून निघालेला गाझा युद्धाविरोधातला मोर्चा सभागृहाजवळच्या पार्क ५७८ पाशी पोहोचला आणि काही जणांनी बाहेरचं कुंपण मोडलं. पहिले वक्ते बोलायला उभे राहिले तेव्हा खूपशा खुर्च्यांवरची माणसं अजून रस्त्यावर होती.

यातून मार्ग निघतो तो आगगाडीचा. ग्रीन लाइनवरचं डेमन स्थानक अधिवेशनाच्या दोनच आठवडे आधी, ५ ऑगस्टला सुरू झालं होतं. तिथून सभागृह एरवी चालत दहा मिनिटांवर; कुंपणामुळे वळसा पडतो तो धरून पंचवीस मिनिटं. तेव्हा अडीच डॉलरमध्ये बसच्या आधी पोहोचता येत होतं. अट एकच: कुठल्या दारातून प्रतिनिधींना आत सोडतात ते सकाळी विचारून ठेवायचं. चुकीच्या दाराशी गेलात तर कुंपणाबाहेरून अर्धी प्रदक्षिणा घालावी लागते, आणि सीक्रेट सर्व्हिसचा माणूस ‘इथूनच सोडा ना’ या विनंतीला कधीही हो म्हणत नाही.

आत गेल्यावर राज्याच्या नावाची उंच उभी पाटी शोधायची. यजमान राज्य आणि निवडणुकीत काट्याची लढत असलेली राज्यं सहसा पुढे, हमखास जिंकायची किंवा हमखास हरायची मागे. खुर्च्या एकमेकींना जखडलेल्या, गुडघ्याला गुडघा. वाटेत उभं राहू नये. अग्निशमन विभागाचे लोक वाट मोकळी करायला सारखे फिरतात. एकदा बसलं की संध्याकाळी सहा ते रात्री अकरापर्यंत तीच जागा, म्हणून पाणी आणि खाणं खाली उतरण्याआधी उरकावं. मधल्या वेळात खाण्याच्या रांगेत गेलात तर परत येईपर्यंत जागेवर दुसरं कोणी बसलेलं असतं.

प्रत्येक पथकात प्रतोद असतात. विधिमंडळातल्या प्रतोदासारखाच शब्द, काम मात्र वेगळं: फलक वाटणं आणि ते कधी वर करायचे हे सांगणं. फलकांचे गठ्ठे वक्त्यागणिक वेगळे. आधीचे गोळा करून खुर्चीखाली सारायचे, नवे हातात घ्यायचे, आणि इशारा येईपर्यंत मांडीवर पालथे ठेवायचे. वेळेआधी वर केलेला एक फलक कॅमेऱ्यात आला तर पुढचा पाहुणा कोण ते सगळ्या देशाला कळतं. सोमवारी बायडन बोलत असताना फ्लोरिडाच्या बाजूला इस्रायलला शस्त्रं देणं थांबवा असं लिहिलेला कापडी फलक उलगडला गेला, तेव्हा आजूबाजूच्यांनी ‘वी लव्ह जो’ चे फलक त्याच्यापुढे धरले. तेव्हा हातातल्या पुठ्ठ्याचा हाही एक उपयोग असतो.

जाहीरनामा आवाजी मतदानाने मंजूर झाला. अध्यक्षस्थानावरून प्रश्न येतो, ‘होय’ चा गजर होतो, ‘नाही’ साठी श्वासभर थांबतात, हातोडा पडतो. निकाल बहुधा समोरच्या पडद्यावर आधीच लिहिलेला असतो. २०१२ मध्ये शार्लटला याचं पितळ उघडं पडलं होतं. देव आणि जेरुसलेम हे दोन उल्लेख जाहीरनाम्यात परत घालायला दोन-तृतीयांश मतं हवी होती. अध्यक्षस्थानी असलेल्या अँटोनियो विलाराइगोसा यांनी तीनदा आवाज मागितला, तिन्ही वेळा दोन्ही बाजू ऐकायला सारख्याच वाटल्या, आणि तरी ठराव मंजूर झाल्याचं जाहीर झालं. मोजणी हवी असेल तर मागणी आधीच, नियमांत ठरवलेल्या पद्धतीने नोंदवावी लागते. आयत्या वेळी खुर्चीवर उभं राहून ओरडून काही होत नाही.

कार्यक्रम इतका लांबला की जेम्स टेलर यांचं गाणं रद्द झालं आणि बायडन साडेदहाच्या सुमारास बोलायला उभे राहिले. शिकागोचं घड्याळ न्यूयॉर्कच्या एक तास मागे. तिकडे साडेअकरा झाले होते. सभा सुटल्यावर बससाठी पुन्हा रांग, हॉटेल गाठेपर्यंत मध्यरात्र उलटलेली. न्याहारी सातलाच.

मंगळवार, २० ऑगस्ट

सोमवारच्या अनुभवाने शहाणे झालेले लोक चार वाजताच निघाले. तेवढा एकच धडा मंगळवारला पुरतो, सकाळ कालच्यासारखीच.

संध्याकाळी राज्यवार पुकारा, म्हणजे एकेका राज्याच्या पथकाने कुणाला किती मतं तो आकडा माइकवर सांगायचा. खरं मतदान झालेलं असल्याने हा नुसता सोहळा होता, पण या चार दिवसांत प्रतिनिधीच्या हाताला खरं काम मिळतं ते याच वेळी. पन्नास राज्यं, राजधानीचा जिल्हा, पाच प्रदेश आणि परदेशस्थ डेमोक्रॅट मिळून ५७ पथकं. एरवी क्रम वर्णानुक्रमे अलाबामापासून. या वेळी बायडन यांच्या मानासाठी डेलावेअर पहिलं आणि उमेदवारांची गृहराज्यं म्हणून उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार टिम वॉल्झ यांचं मिनेसोटा आणि हॅरिस यांचं कॅलिफोर्निया शेवटी. डीजे कॅसिडी यांनी प्रत्येक राज्याला एकेक गाणं लावलं. जॉर्जियाच्या वेळी रॅपर लिल जॉन स्वतः वाटेतून चालत आले आणि त्यानंतर पुढच्या राज्याचा आकडा कोणालाही ऐकू आला नाही.

पथकातल्या माणसाने करायचं ते इतकंच. आपलं राज्य जवळ आलं की प्रतोद माणसं हलवायला लागतो. माइकभोवती कोण उभं राहणार हे आधी ठरलेलं असतं. तरी ऐन वेळी उंच माणसं पुढे आणि बुटकी मागे अशी अवस्था होते, मग आकडा वाचणाऱ्याच्या मागे नुसते खांदे दिसतात. पासाची दोरी आणि पिशवी पाठीमागे सारावी. माइक चालू व्हायच्या आधी घोषणा थांबवाव्यात, नाहीतर आकडाच वाहून जातो. प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभर येतं आणि त्यात राज्याचं कौतुक, उमेदवाराचं नाव, आकडा हे सगळं बसवायचं असतं. कौतुक लांबलं की संगीत वर येतं.

याला मतदान म्हणून किंमत होती ते दिवस कसे होते ते आकड्यांवरून कळतं. १९२४ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डेमोक्रॅट्सना १०३ फेऱ्या लागल्या. १९३६ पर्यंत दोन-तृतीयांश मतांची अट होती, हे त्याचं मुख्य कारण. एकापेक्षा जास्त फेऱ्या शेवटच्या झाल्या त्या १९५२ साली याच शिकागोत, ॲडलाय स्टीव्हन्सन तिसऱ्या फेरीत आले तेव्हा. नंतर १९६८ चं शिकागो: रस्त्यावर लाठ्या, आत भांडणं, आणि एकही प्राथमिक निवडणूक न लढवलेले ह्यूबर्ट हम्फ्री उमेदवार. त्या नाचक्कीनंतर निवडीचे नियम बदलले आणि निर्णय सभागृहातून मतदारांकडे गेला. आजच्या प्रतिनिधीच्या हातात फलक असण्याचं कारण त्या वर्षात आहे.

रिपब्लिकनांकडे पुकारा अजून सभागृहातच होतो. महिनाभर आधी, १५ जुलैला मिलवॉकीच्या फायसर्व्ह फोरम सभागृहात त्यांच्या २,४२९ प्रतिनिधींची मतं पहिल्याच दिवशी मोजली गेली होती. या मंगळवारी आपला पुकारा संपता संपता पडद्यावर हॅरिस आणि वॉल्झ दिसले ते त्याच मिलवॉकीच्या त्याच फायसर्व्ह फोरममधून. तिथे त्यांनी सभा भरवली होती. एका रात्री दोन शहरांतली दोन सभागृहं भरून दाखवायचा तो डाव होता.

रात्री मिशेल आणि बराक ओबामा. त्यांच्यासाठी खालच्या भागात पाहुण्यांची गर्दी होते आणि प्रतिनिधींच्या जागा हातोहात जातात. मंगळवारी जागेवरून हलू नये.

बुधवार, २१ ऑगस्ट

तिसऱ्या दिवशी आवाज बसलेला असतो, पाय सुजलेले असतात, आणि न्याहारीला निम्मी टेबलं रिकामी. पास मात्र घ्यावाच लागतो. ज्यांना खरोखर काही करून घ्यायचं असतं ते हा दिवस निवडतात: गर्दी कमी, नेते थोडे मोकळे, बैठकीत प्रश्न विचारायला वेळ.

या अधिवेशनात वेगळ्या वाटेने आलेले प्रतिनिधी होते ते ‘अनकमिटेड’ चे, तीसेक जण. मिशिगनच्या प्राथमिक निवडणुकीत एक लाखाहून अधिक लोकांनी गाझा युद्धाच्या निषेधासाठी कुठल्याच उमेदवाराला मत न देता हा पर्याय निवडला होता, त्या आणि तशा मतांवर हे निवडून आलेले. एका पॅलेस्टिनी-अमेरिकन वक्त्याला व्यासपीठावर वेळ द्यावी ही त्यांची मागणी. ती नाकारली गेल्यावर बुधवारी रात्री ते सभागृहाबाहेर धरणं धरून बसले आणि रात्र तिथेच काढली. संख्येने ते नगण्य होते. तरी त्यांच्याकडे प्रतिनिधीचा पास होता, म्हणून ते कुंपणाच्या आत बसू शकले आणि कॅमेरे त्यांच्यापाशी आले. हेच लोक मोर्चात असते तर अर्ध्या मैलावर दिसले असते. वक्ता शेवटपर्यंत मिळाला नाही.

रात्री टिम वॉल्झ यांचं भाषण. ‘कोच वॉल्झ’ चे फलक.

गुरुवार, २२ ऑगस्ट

आज उशीर केला तर काहीच दिसत नाही. शेवटच्या रात्री देणगीदार, पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे, सगळे येतात. वाटले गेलेले पास आणि खुर्च्या यांचा मेळ बसत नाही. सभागृह भरलं की अग्निशमन अधिकारी दारं बंद करायला लावतात आणि मग पासावर काहीही लिहिलेलं असो. या गुरुवारी पास गळ्यात असूनही लोक बाहेर अडकले. दुपारी तीनला रांगेत उभं राहावं. त्यासाठी दुपारची बैठक सोडावी लागली तर सोडावी. आठवडाभरात बैठक सोडण्यालायक हीच एक दुपार.

मताधिकारासाठी लढलेल्या स्त्रियांची आठवण म्हणून बऱ्याच जणींनी पांढरे कपडे घातले होते. खालचा भाग वरून पाहिला तर पांढराशुभ्र. बियॉन्से येणार ही अफवा दुपारपासून फिरत होती आणि रात्रीपर्यंत टिकली. ती आली नाही. अधिवेशनातल्या अफवांचं असंच असतं. जागा न सोडण्यासाठी मात्र त्या उपयोगी पडतात.

हॅरिस यांनी भाषणाच्या सुरुवातीलाच आपल्या आईचा, श्यामला गोपालन यांचा, एकोणिसाव्या वर्षी एकटीने भारतातून कॅलिफोर्नियाला येण्याचा उल्लेख केला. देशी प्रतिनिधी सगळ्या पथकांत विखुरलेले असतात, त्यामुळे त्या वाक्याला टाळ्या एका कोपऱ्यातून न येता ठिकठिकाणाहून फुटल्या.

मग फुगे. सुमारे एक लाख. छताला जाळ्यांत बांधून ठेवलेले असतात आणि चार दिवस डोक्यावर लोंबतात. सुटले की पहिले काही सेकंद सुंदर दिसतात, नंतर गुडघ्यापर्यंत साचतात. पायाखाली फुटायला लागले की आवाज फटाक्यांच्या माळेसारखा, आणि खाली कागदाचे कपटे, फलक, बाटल्या काहीच दिसत नाही. पायऱ्या उतरताना माणसं घसरतात ती इथे. घाई असली तरी पंधरा मिनिटं जागेवर बसून राहावं; बाहेरची बसची रांगही तोवर थोडी ओसरते.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

आज न्याहारी नाही आणि पासही नाही. हॉटेल सोडण्याच्या वेळेला लिफ्टपुढे सगळं पथक एकदम येतं, त्यामुळे विमान दुपारचं असलं तरी खोली नऊला सोडावी. बिल दारातच तपासावं. खोली दोघांत वाटली असेल तर दोघांच्या कार्डावर वेगळं करून घ्यायची हीच शेवटची वेळ, नंतर फोनवर ते होत नाही. वर्गणी घेतलेल्यांनी सगळ्या पावत्यांचा फोटो इथेच काढून ठेवावा. ब्लू लाइनने ओहेअर पाऊण तास, तेव्हाचे अडीच डॉलर.

लॉबीतल्या कचऱ्याच्या डब्यांतून उभट फलकांची टोकं वर आलेली दिसतात. केबिन बॅगेत ते सरळ मावत नाहीत. तिरपे घातले तर मावतात, पण झिप लावताना मधोमध घडी पडते, नेमकी नावावर.